चौथा हिस्सा आधी, बाकी तीन वर्षांत

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

ती. दादा,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. यांची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा नाही. पानगळ सुरू झालीय, त्यामुळे सकाळपासून शेजारीपाजारी पानं उडवायची यंत्रं घोंघावत असतात. तुझी खुशाली दर रविवारी फोनवर कळतेच, ती परत विचारून कागद वाया घालवत नाही.

आता फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुला ऐकू कमी येतं म्हणून सूनबाई फोन स्पीकरवर टाकते. मग मी काय बोलते ते अख्खं घर ऐकतं, शिवाय टीव्हीवरची मालिकाही. मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र सौमित्रबरोबर पाठवतेय. हा साताऱ्याचाच मुलगा, इथं पीएच.डी. करतो आणि दर शनिवारी आमच्याकडे हक्कानं जेवतो. दिवाळीसाठी त्यानं गाईडकडून दहा दिवस मागून घेतलेत. तुझ्या गोळ्या, बदाम आणि हे पाकीट तो रविवारी आणून देईल. आत काय लिहिलंय ते त्याला माहीत नाही. अक्षर मोठं काढलंय. एकट्यानं वाच, रवीलासुद्धा जवळ बसवू नकोस.

सध्या मला एक उद्योग लागलाय. इथल्या पोरांना जोडून लिहिलेलं इंग्रजी वाचताच येत नाही, शाळेत शिकवणंच बंद झालं होतं. आपल्याला चाररेघी वहीत छडी खाऊन ते शिकावं लागलं. तर इथं लायब्ररीत जुने सरकारी कागद वाचून टाइप करायला स्वयंसेवक हवे होते. गेले, तर समोर कोण? न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून मुलाकडे राहायला आलेल्या दोन मराठी बायका, एक नागपूरची आणि मी! गोऱ्या बायका आमच्याकडे चमत्कार बघितल्यासारख्या बघतात. नात आन्या परवा माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "आजी, इज दॅट इव्हन इंग्लिश?" म्हटलं, "तुझ्या देशाचंच आहे गं बाई. वाच की!" ती "नो वे" म्हणून पळाली.

माझ्या वाट्याला आलेले कागद जमिनीचे आहेत. इथं दीडशे वर्षांपूर्वी यादवी युद्ध झालं. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरचे मळेवाले सरकारची फौज येताच पळाले. त्यांनी कर भरला नाही म्हणून सरकारनं मळे जप्त केले आणि तुकडे पाडून विकायला काढले. फौजेत नोकरी केलेल्यांना त्यात सवलत होती. चौथा हिस्सा आधी भरायचा, बाकी तीन वर्षांत. नाही भरलं तर जमीनही गेली आणि भरलेलंही गेलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून बसले. वाटलं, हा कागद मी पाहिलाय. फक्त त्यावर अशोकस्तंभ होता.

तुझा कागद मला अजून पाठ आहे. साडेतीन एकर, सीलिंगच्या कायद्यात जास्तीची म्हणून निघालेली, माजी सैनिकास हप्त्यानं. जमीन स्वतः कसायची, दुसऱ्याला वाट्यानं द्यायची नाही, हप्ता चुकवायचा नाही. आई तो कागद देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायची. शेजारचे साडेतीन एकर नंदूदादाला मिळाले. एकाच पलटणीतले दोघं, बांधाला बांध लावून. दोघांची मिळून एक बैलजोडी, एक बैल तुझा आणि एक त्याचा. गावातले हसायचे, यांचा एक बैल आजारी पडला की दोघंही शेतकरी आजारी.

तू हे नाव वाचलंस की पत्र बाजूला ठेवशील, मला माहीत आहे. ठेवू नकोस. शेचाळीस वर्षं आम्ही घरात त्याचं नाव घेतलं नाही ते तुझ्या भीतीनं. मी मात्र वेगळ्या भीतीनं घेतलं नाही.

आधी कॉर्पोरल आयझॅकचं सांगते. कॉर्पोरल म्हणजे आपल्याकडचा नाईक. हा काळा माणूस, त्याच बेटावर गुलाम म्हणून कापूस वेचत मोठा झालेला. फौजेत गेला आणि ज्या मळ्यावर मार खाल्ला त्याच मळ्यातले वीस एकर घेतले. चौथा हिस्सा भरला, त्यानंतरचाही एक हप्ता भरला. मग त्याची पलटण लांब गेली. फाइलमध्ये पुढचा शेरा आहे, 'सदर इसम मयत असल्याचे समजते.' जमीन दुसऱ्याला. पुढच्या कागदावर आयझॅक परत आलेला आहे. त्याला लिहिता येत नव्हतं, कुणाकडून तरी लिहून घेतलंय. त्यात तो जमीन मागतच नाही आधी. पहिलीच ओळ, मी मेलो असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मी तीन आठवडे त्याचं उत्तर शोधलं. पुढच्या दोन फाइली मागवल्या. काही नाही. आमचं काम बघणारी डेलोरेस म्हणून बाई आहे. तिची माणसं पिढ्यानपिढ्या त्याच बेटावर राहतात. व्हिडिओ कॉलवर मी तिला विचारलं, उत्तर कुठं मिळेल? ती म्हणाली, "लता, एवढ्याशा बेटावर कोणी सांगितलं ते कुणाला तरी माहीत असणारच. ते माणूस गप्प बसलं आणि गप्पच गेलं. आता आमच्याकडे दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि का ते दोघांनाही ठाऊक नाही." नंतर बोलते म्हणून मी कॉल बंद केला.

दादा, आता सांगते.

एकोणऐंशी साल. तू हप्ते भरता यावेत म्हणून डेपोत सुरक्षेची नोकरी धरली होतीस, तिकडे जबलपूरला. हप्ते भरायला नोकरी धरलीस आणि नोकरी धरल्यामुळे शेतावर माणूस उरला नाही. म्हणून वरच्या आळीतल्या एकाला अर्ध्या वाट्यानं दिलंस. त्या वाटेकऱ्याखेरीज हे आई, तू, मी आणि नंदूदादा, एवढ्यांनाच माहीत होतं.

सुट्टीत मी कॉलेजातून घरी आले होते. आई बाजाराला गेलेली. मी शेतावर शेंगा आणायला गेले तर नवा तलाठी बांधावर उभा. त्याआधी तो नंदूदादाकडे चहा पिऊन आला होता, ते सगळ्या गावानं पाहिलं. मला म्हणाला, "तुम्ही प्रल्हादरावांच्या भगिनी ना? कॉलेजला असता म्हणे." झालं. मी फुगले. त्यानं विचारलं, "शेत कोण बघतं?" मी म्हणाले, "वाट्यानं दिलंय की, निम्मं-निम्मं." वर शहाणपणानं हेही सांगितलं की दादा जबलपूरला असतो, दोन वर्षांत एकदाच येतो. तो म्हणाला, "छान. तुमचं अक्षर चांगलं असेल, तुमचा जबाब तुम्हीच लिहा." मी लिहिला. बांधावर बसून, मांडीवर त्याची वही घेऊन, वळणदार, एकही खाडाखोड न करता. खाली सही केली. वर त्याला मूठभर शेंगाही दिल्या.

दोन महिन्यांनी नोटीस आली. शर्तभंग. जमीन सरकारजमा, भरलेले हप्तेही सरकारजमा. नोटीस हातात घेतली तेव्हा मला कळलं मी काय केलंय.

तू आलास, चौकशी केलीस, आणि कुणीतरी तुला चहाचं सांगितलं. त्यानंतर काय झालं ते तुला मी सांगायला नको. त्याच्या दारात जाऊन तू त्याला 'खबऱ्या' म्हणालास, त्याच्या बायकोपोरांसमोर. तो म्हणाला, "प्रल्हाद, मी नाही." दुसरं काही बोलला नाही. आठवड्याभरात तू तुझा बैल बाजारात नेऊन विकलास. त्याच्याकडे एक बैल उरला. ऐन पेरणीत.

तो दुसरं काही का बोलला नाही, ते ऐक. त्यानं मला जबाब लिहिताना पाहिलं होतं. ओट्यावरून बांध दिसतो त्याच्या. तू बैल नेलास त्या संध्याकाळी मी विहिरीवर होते. तो आला. मी रडायलाच लागले. तो म्हणाला, "रडू नको. तू काही वाईट मनानं केलं नाहीस. पण हे मी सांगणार नाही. तो आत्ता तापलाय, तुझ्यावर हात उगारेल. तो शांत झाला की तूच सांग. माझ्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे."

मी हो म्हणाले, दादा. मान हलवून हो म्हणाले.

त्या दिवाळीला सांगणार होते. मग माझं लग्न ठरत होतं. मग तू कर्ज काढून माझं लग्न केलंस, तेव्हा कुठल्या तोंडानं सांगायचं? मग आम्ही इकडे आलो. तू एकदा म्हणालास, तालुक्याला जाऊन त्या जबाबाची नक्कल काढतो आणि नंदूच्या तोंडावर फेकतो. तेव्हा मी इथून तीन मिनिटांचा महागडा कॉल लावून तुला सांगितलं, "जाऊ दे ना दादा, कशाला उकरून काढायचं." तुला वाटलं बहीण किती समजूतदार. मी अक्षराच्या भीतीनं मरत होते. नक्कल हातात घेतली असतीस तर पहिल्या ओळीलाच ओळखलं असतंस. अजून कागद तिथंच असेल. माझ्या बोलण्यावर विश्वास बसत नसेल तर जाऊन बघ.

रवीच्या लग्नाला नंदूदादाला बोलावलं नाहीस. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या मांडवाला वळसा घालून तू गेलास, हे तूच मला अभिमानानं सांगितलंस, आणि मी 'हं' म्हणाले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात नीच शब्द असेल तर तो 'हं'. माणूस खोटं बोलतो त्याचं एक वेळ काही वाटत नाही. मी खोटं कधीच बोलले नाही. नुसती गप्प बसले, आणि माझ्याऐवजी तो तुझ्या शिव्या खात राहिला.

परवाच्या रविवारी तू झोपला होतास तेव्हा रवी हळूच म्हणाला, "आत्या, नंदूकाका सीरियस आहेत. किडन्या गेल्या. डायलिसिस नको म्हणाले, घरी आणलंय. बाबांसमोर नाव काढायची सोय नाही." मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं. आज तिसरा दिवस. दोनदा फाडलं. दोन्ही वेळा मी त्यात स्वतःची बाजू मांडत बसले होते. बाजू नाही. वय एकोणीस होतं, एवढंच. नंतर एकोणतीस झालं, एकोणचाळीस झालं, आता पासष्ट आहे.

जमीन गेल्याचं मला वाईट वाटतं, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते तुझा मित्र गेल्याचं. जमिनीचा निकाल सरकारनं लावला. हा मी लावला. तू चिडशील, आणि चिडावंस. माझा फोन घेऊ नकोस, भाऊबीजेला माझं नाव काढू नकोस, राखीच्या पाकिटावर 'परत' लिहून पाठव. काय करायचं ते कर, पण नंतर. आधी त्याच्याकडे जा.

माफी कशी मागायची असा विचार करत दारात उभा राहू नकोस. तुला ते जमणार नाही आणि त्याला ऐकायचंही नसेल. नुसता त्याच्या खाटेजवळ बस. त्याच्या मुलीला सांग चहा टाक. रवीला गाडी काढायला लाव, पायी जायचा हट्ट करू नकोस.

सौमित्र तुला आणखी एक पाकीट देईल. त्यावर नंदूदादाचं नाव आहे. सौमित्रला मी सांगून ठेवलंय, तू नाही गेलास तर सोमवारी सकाळी ते तुझ्याकडून परत घेऊन त्यानं नेऊन द्यायचं. पाकीट चिकटवलेलं नाही, तू वाच. आत एवढंच आहे: 'नंदूदादा, मी दादाला सांगितलं. फार उशीर केला. लता.'

पण ते घेऊन तूच गेलास, तर त्याला ते उघडावंही लागणार नाही.

आशीर्वाद मागत नाही. जा.

लता