भेगेवरची काच

दादा,

गॅलरीच्या भेगेवर पालिकेच्या तपासनीस साहेबांनी काचेची पट्टी चिकटवली होती. भेग वाढली की काच तडकणार, आणि काच तडकली की घर रिकामं करायचं, असा नियम. काच दोनदा तडकली. दोन्ही वेळा तू नवी आणलीस आणि मी मुकाट्याने बसवली. नवऱ्यासकट तुझ्या घरात फुकट राहणाऱ्या बहिणीला तोंड कुठलं?

साहेब बघून म्हणायचे, "शाबूत आहे, ताई."

सोमवारी गॅलरी ह्यांना घेऊन कोसळली. स्मशानातून आल्याआल्या तू तक्रारीचा कागद पुढे केलास, "साहेबांनी नीट पाहिलं नाही. कर सही."

केली.

हे पत्र टाकणार नाही. डोक्यावरचं छप्पर अजून तुझंच आहे. भेग आता आतल्या खोलीत आली आहे. फोनवर एवढंच सांगेन, येताना काच आण.

तुझी मुकी,
धाकटी