शुक्रावरचा पाऊस

सर,

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. आता दाढी आली, कॉलेज सुटलं, तरी तुमचा शुक्र काही डोक्यातून जात नाही. आज खडीच्या क्रशरवरून घरी येताना डोंगरावर दिसला. पांढराशुभ्र, गार. फसवा आहे, तुम्ही म्हणायचात.

थंडीतली ती संध्याकाळ. शाळेमागच्या शेतात तुम्ही आम्हा पोरांसोबत पोपटी लावलेली. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मडकं उपडं आणि भोवती जाळ. तुम्ही पश्चिमेला, शुक्राकडे बोट दाखवलंत. "तिकडंपण पोपटीच लागलीय बघा. कार्बन डायऑक्साइडचं जाड मडकं. ऊन आत जातं, उष्णता बाहेर पडत नाय. शिसं ठेवलं तर वितळेल. जमीन मात्र आपल्या डोंगरासारखीच, लाव्ह्याचा काळा दगड." तिथं पाऊस पडतो का, मी विचारलं. "पडतो की, आम्लाचा. पण खाली पोचतच नाय. वाटेतच वाफ होतो." तेवढ्यात माझा धीर सुटला आणि मी काठीनं मडकं ओढलं. शेंगा कच्च्या. पोरं ओरडली, "आता खा तूच सगळ्या!" तुम्ही शेजारी बसून त्या कडू शेंगा माझ्याबरोबर खाल्ल्यात. मग म्हणालात, "पृथ्वीचं कवच तुकड्यातुकड्यांचं. फटींतून आतली आग जरा जरा सुटते. शुक्राचं कवच अखंड. आग साठत राहते, आणि म्हणतात, कधीतरी सगळी जमीनच उलथली त्याची. तुझ्यासारखाच हाय तो."

तसाच उलथलो, सर. महाडच्या कॉलेजात माझा जिच्यावर जीव आहे त्या मुलीबद्दल एकजण घाण बोलला, मी त्याचं नाक फोडलं. प्राचार्य माफी माग म्हणाले. मी बॅग उचलून थेट डेपो गाठला. आई म्हणते, "कॉलेज सोडलंस, तसा राग पण सोड की रे."

ती दासगावची. तिला बघायला पाहुणे येणार आहेत. म्हणाली, "बाबांशी येऊन बोल. पण आवाज चढवलास तर मी तुला ओळखत नाय." रविवारी मी गेलो. ती मुद्दाम मामाकडे गेलेली. एसटीत सगळी वाक्यं पाठ केली. तिचे बाबा ओटीवर सुपारी कातरत होते. "कोण रे तू? कुणाकडं आलास?" छातीत नुसता जाळ, सर. पण आवाज चढला नाही, कारण तो आलाच नाही. शेवटी म्हणालो, "काका, जरा पाणी मिळेल?" त्यांनी स्वतः तांब्या भरून आणला. "उन्हातनं आलास, टेक जरा." इतक्या मायेनं. मी पाणी प्यायलो आणि परतलो.

तुमच्याकडे हे पोचणार नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. तिनं फोनवर विचारलं, "काय म्हणाले बाबा?" मी सांगितलं, ते घरी नव्हते.

"बरं," ती म्हणाली. "या रविवारी थांबवून ठेवते त्यांना."