तुमच्या बहिणीचा पूल

तेरेक-सू,
बटाटे काढून झाल्यानंतरचा शुक्रवार

आदरणीय थोरले मेहुणे तोलोगोन बाइके यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा सादिरकुल याचा टोपी काढून सलाम. आपली प्रकृती कशी आहे? कुमुश-जेंगेंची, आमच्या वहिनींची, कंबर काय म्हणते? तुमच्या इमारतीतली लिफ्ट चालू झाली, की अजून पाच मजले चढून रोज देवाचं नाव घेताय? इकडे सगळं ठीक आहे. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या, गवत रचून झालं, लाल गाय पुन्हा गाभण आहे. मीही ठीक आहे, म्हणजे उभा केला तर उभा राहतो. (गुडघे माझं ऐकत नाहीत, पण या घरात माझं ऐकतं तरी कोण?) आता तुमच्या बहिणीबद्दल, अनिपाबद्दल. जेंगेंना चहा टाकायला सांगा आणि नीट बसून घ्या, कारण हे लांबणार आहे.

लग्नाच्या वेळी तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणाला होतात, "जावईबापू, पोरगी कामसू आहे." कोणाच्या कामाची, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी मूर्ख, विचारलं नाही. अशार म्हटलं की साऱ्या गावाने हात लावायचा आणि ज्याचं काम त्याने जेवू घालायचं, ही आपल्या वाडवडिलांची रीत. पण अनिपाच्या अशारात काम कोणाचंही असो, बोकड आमचा असतो. आमचा चहाचा समोवार या खोऱ्यातल्या झाडून सगळ्या लग्नांना आणि मयतांना जाऊन आलाय. मला निम्म्या ठिकाणी आमंत्रणही नव्हतं. माझे नवे बूट मेंढपाळाच्या पायात आहेत. एका हिवाळ्यात मी घरी आलो तर माझ्या गादीवर एक अनोळखी म्हातारा घोरत होता. त्याची बस चुकली होती म्हणे. बाइके, बस चुकलेला माणूस एक रात्र राहतो; हा वसंतात गेला, आणि जाताना मला उपदेश करून गेला की बायकोला घरकामात मदत करत जा. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे लोक जगात पुष्कळ आहेत, पण नवऱ्याचं पीठ, नवऱ्याची चूल आणि वर नवऱ्यालाच फुंकायला बसवणारी ही एकच. आमचे मुल्ला म्हणतात, अशा बाईला स्वर्गाचं दार उघडंच असतं. मी त्यांना म्हटलं, जरूर उघडं ठेवा, कारण ते कुरकुरत असेल तर ही आत जायच्या आधी फरिश्त्यांना बिजागऱ्या काढायला लावेल.

तर पूल. आमच्या नदीवरचा लाकडी पूल मागच्या उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याने वाहून गेला हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळा पलीकडे, दवाखाना अलीकडे. त्यामुळे इकडची पोरं दगडांवरून उड्या मारत शाळेत जायची आणि तिकडच्या बाळंतिणी घोड्यावर बसून लांबच्या वळशाने दवाखान्यात यायच्या. (एक जण तर वाटेतच बाळंत झाली. मुलाचं नाव त्यांनी 'जोलदोश' ठेवलं, म्हणजे वाटेचा सोबती. दुसरं काय ठेवणार?) सरकारी कचेरीतून एक साहेब अधूनमधून येतो, नदी मोजतो, जेवतो आणि जातो. नदीची रुंदी काही बदलत नाही, साहेबाची मात्र वाढत चालली आहे. आपण मिळून पूल बांधावा, तर दोन्ही काठांचं बोलणं बंद! का, तर एके वर्षी घोड्यांवरून मेलेला बोकड हिसकावून खड्ड्यात टाकायच्या खेळात तो कोणाच्या खड्ड्यात पडला यावरून आमचा म्हातारा झापार आणि तिकडचा म्हातारा मुकाम्बेत यांची जुंपली. तो बोकड केव्हाच शिजवून खाल्ला गेला, पण भांडण अजून ताजं आहे.

तुमच्या बहिणीने काय करावं? सकाळी इकडच्या झापारकडे जाऊन ती म्हणाली, "झापार-अता, ऐकलंत का? पलीकडच्यांनी पुलाला लाकडं तोडलीसुद्धा. म्हणतात, अलीकडच्यांच्या मनगटात आता पाणी उरलं नाही." दुपारी वळसा घालून मुकाम्बेतकडे गेली आणि तेच गाणं उलटं म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवर कुऱ्हाडींचा असा आवाज सुरू झाला की आमच्या गायीचं दूध आटलं. मी तिला म्हटलं, "अगं, हे खोटं आहे." तर म्हणते, "काल खोटं होतं. आता जाऊन बघा."

मीही गेलो. (गेलो म्हणजे मला नेलं. मी जनावरांचा डॉक्टर. पूल बांधण्याशी माझा संबंध काय? पण यादवी असो की अंत्ययात्रा, "हे येतील की" असं ती माझ्या वतीने कबूल करून बसलेली असते.) पॉप्लरचे ओंडके रचून पेट्या केल्या, त्यांत दगड भरले, वर फळ्या ठोकल्या. काम छान झालं. फक्त एकच अडचण होती. एकमेकांची तोंडं बघायची नाहीत म्हणून दोन्हीकडचे लोक माना वळवून काम करत होते, त्यामुळे दोन्ही अर्धे पूल नदीच्या मध्यावर आले तेव्हा ते एकमेकांना भेटलेच नाहीत. आमचा जरा वर गेला, त्यांचा जरा खाली, आणि मध्ये चांगलं घोड्याच्या लांबीचं अंतर. दोन टोकांवर दोन म्हातारे छाती काढून उभे. बोलायचं नाही म्हणून झापार नदीला सांगतोय, "काही लोकांना सरळ रेषसुद्धा कळत नाही!" आणि मुकाम्बेत आभाळाला विचारतोय, "हा पूल बांधलाय की बोकड पळवलाय?"

तेवढ्यात तुमची बहीण तेलात तळलेल्या गरम बोरसोकांचं ताट घेऊन आमच्या फळ्यांवरून तरातरा निघाली. खाऊ घातलं की माणसं निवळतात, असा तिचा सिद्धांत. सगळ्यांना वाटलं, टोकाला थांबेल. ती थांबली नाही. फळी संपली, ती चालतच राहिली आणि ताटासकट नदीत गेली.

बाइके, तुम्ही घाबरू नका, मी तुम्हाला नंतरचं सांगतोय म्हणजे ती आहे. पाणी कमरेएवढंच, पण बर्फाचं आणि ओढ अशी की बैल आडवा व्हावा. मग दोन्ही टोकांवरून माणसांनी धडाधड उड्या टाकल्या. इतकी वर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारे लोक अखेर खरंच पाण्यात समोरासमोर आले. झापारच्या मुलांनी तिचा डावा हात धरला, मुकाम्बेतच्या मुलांनी उजवा, आणि तिला ओढायचं कुठे यावरून भांडण!

"इकडे आणा, दवाखाना इकडे आहे!"

"आणि सुकवणार कशात, तुमच्या दवाखान्यातल्या औषधांत? आमची चूल पेटलेली आहे!"

"ओढ रे, सोडू नकोस!"

"अहो, बाईचा हात आहे तो, बोकडाची तंगडी नव्हे!"

हे शेवटचं झापार म्हणाला, थेट मुकाम्बेतला. त्यावर आधी मुकाम्बेत हसला, मग बाकीचे. आणि तुमची बहीण, ओठ निळे पडलेले, दात वाजताहेत, डोक्यावरचा रुमाल गेलेला, काय म्हणाली असेल? "आता उ-उतरलाच आहात, तर मधली पेटी टाकून घ्या की!" टाकली, बाइके. तिला आमच्या काठावर पोचवून, पंधरा-वीस गारठलेले गडी परत पाण्यात गेले आणि संध्याकाळपर्यंत मधला तुकडा झाला. पूल वाकडा आहे. मध्ये नागासारखा वळतो, त्यावरून पिऊन चाललेला माणूस तेवढा सरळ चालल्यासारखा दिसतो. पण पोरं त्यावरून शाळेत जातात.

(मी काय केलं, असं तुम्ही विचाराल. मीही उडी मारली. ते कोणीच पाहिलं नाही. मी वाहत वाहत खालच्या विलोच्या झाडापर्यंत गेलो आणि तिथे मुकाम्बेतच्या सुनेने कपडे धुता धुता मला कॉलरला धरून बाहेर काढलं. म्हणाली, "आजोबा, आंघोळीला हा महिना बरा नव्हे.")

अनिपाची एक बरगडी दुखावली म्हणून तिला तालुक्याच्या इस्पितळात ठेवलं. दोन दिवसांत तिने खाटा खिडकीकडे सरकवून घेतल्या, चालते-फिरते रोगी स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसवले आणि सवतींसारख्या भांडणाऱ्या दोन नर्सना एका ताटात जेवायला लावलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून हात जोडून सांगितलं, घरी न्या. तेव्हा बाइके, माझी तक्रार एवढीच, की तुम्ही थोरले आहात, तुम्ही तिला चार शब्द खडसावून लिहा. बायकोने घरात बसावं, नवऱ्याला गरम चहा द्यावा, वयाला शोभेल असं वागावं. जेंगेंना सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
सादिरकुल

ता. क. वरचं खडसावण्याचं विसरा. खरी गोष्ट ही, की डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळेही तपासले. दोन्हींत मोतीबिंदू. उजव्याने जवळजवळ काही दिसत नाही, डाव्याने धूसर. फळी संपलेली तिला दिसलीच नव्हती. शस्त्रक्रिया राजधानीतच, म्हणजे तुमच्याकडेच होईल आणि ती बर्फ पडायच्या आत करा म्हणतात. मी सांगून थकलो. ती म्हणते, आधी म्हाताऱ्यांचं सरपण, मग शाळेची शेगडी, डोळ्यांचं नंतर बघू. (बघू म्हणते!) फोनवर हे बोलता येत नाही, कारण तिचे कान शाबूत आहेत. पत्र लिहितोय, कारण पूर्वी माझं प्रत्येक पत्र ती वाचून, सुधारून मग पाठवायची; आता कागद तिच्यासमोर पडलाय आणि ती विचारतेय, "भावाला माझं सगळं नीट कळवलंत ना?" मी हो म्हटलं.

ता. क. दुसरा. स्वतःसाठी ती येणार नाही. म्हणून तुम्ही एक संकट पाठवा. जेंगे पडल्या म्हणा, किंवा लिफ्टवरून तुमच्या इमारतीत मारामाऱ्या होताहेत आणि मध्ये पडायला कोणी नाही म्हणा. ती पुढच्या बसने निघेल. मात्र संकट बेताचं निवडा, दोन-तीन आठवड्यांत मिटणारं. फार मोठं कळवलंत तर ती तिकडेच राहील, आणि इकडे घर इतकं शांत होतं की मला माझे गुडघे ऐकू येतात.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. डोळ्यांवरची पट्टी कोणत्या दिवशी काढणार ते मला आधी कळवा, मी येतो. कितीतरी वर्षांत तिने मला नीट पाहिलेलं नाही आणि मी एवढा म्हातारा झालोय हे तिला माहीत नाही. दाढी करून येईन.