दुसरा स्पीकर

४ फेब्रुवारी

आला एकदाचा! म्हणजे अर्धाच. हवी होती स्पीकरची जोडी, परदेशातून नणंदबाई घेऊन आली एकच — बॅगेत एवढाच मावला म्हणे. दुसरा स्पीकर जावईबापू, म्हणजे तिचे यजमान, आणणार, दोन आठवड्यांत. मग दोघं मिळून परत.

हे खूश! सकाळपासून चारदा ऐकवून झालं — तीच कंपनी, तेच मॉडेल, आणि तिकडे निम्म्या किमतीत! "इथला दुकानदार आपल्याला लुटतो." लुटत असेल. पण तो घरी राहायला येत नाही.

९ फेब्रुवारी

माझी शिवणखोली नणंदबाईला दिली. मशीन स्वयंपाकघरात. ते सरकवल्याशिवाय फ्रिज उघडत नाही. आज गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पडद्यावर तेलाचा डाग पडला! बाहेर एकटा स्पीकर दिवसभर चालू. गाण्यातली बाई गाते, वाजवणारे बहुतेक दुसऱ्या स्पीकरबरोबर तिकडेच राहिलेत.

स्वतःच्याच घरात वळायला जागा नाही मला. कोंडल्यासारखं होतं.

२० फेब्रुवारी

"जावईबापू कधी येतायत गं?"

"रजा मिळत नाहीये, वहिनी."

एवढंच. पडद्याचा डाग मात्र तिने घासून घासून काढला. न सांगता. तरी राग काही जात नाही माझा.

२१ फेब्रुवारी

आजही फोन नाही जावईबापूंचा.

२८ फेब्रुवारी

न राहवून इथल्या दुकानात गेले. दुसरा स्पीकर इथेच घेऊन टाकू, म्हणजे सुटले! पण सुटा मिळतच नाही. आणि तिकडची गॅरंटी इथे चालत नाही. "बिघडला तर तिकडेच परत पाठवायचा, बाई."

जेवताना हसत हसत सांगितलं — "तिकडचं तिकडेच पाठवायचं म्हणे!" नणंदबाई ताटावरून उठली. आता हिला काय झालं?

६ मार्च

दुसरा स्पीकर आला. कुरियरने. जावईबापू नाहीत, चिठ्ठी नाही.

खोक्यात स्पीकरभोवती नणंदबाईचे कपडे कोंबलेले. स्वेटर, गाऊन, घरात घालायच्या चपला, कंगवासुद्धा. हे म्हणाले, "बघ, किती जपून पाठवलंय! ओरखडा नाही." नणंदबाई खाली बसून एकेक कपडा काढत होती, घडी घालत होती. वर बघेना. माझे ते जेवतानाचे शब्द आठवले.

शिवणखोलीतलं माझं कपाट तिच्या कपड्यांसाठी रिकामं करायला घेतलंय.