चारशे बारा दिवंगत सभासद

चि. ठमीस,

मामाचे भरघोस आशीर्वाद. तुझी मान आता दोन्हीकडे वळते का? (दिवसभर पडद्यात डोकं घालून बसलं की मानेनं तरी काय करावं.) मामीचे गुडघे बरे आहेत. माझं म्हणशील तर मी मंगळवारी वारलो.

त्याचं असं झालं. येत्या रविवारी वाचनालयाची सभा आहे. मोफत वाचनकक्ष बंद करून ती जागा गोदामाला द्यावी, असा आमच्या अध्यक्षांचा, म्हणजे दंतवैद्यांचा ठराव. शंभर सभासद हजर नसतील तर तो आपोआप मंजूर होतो, आणि सभेला आजवर तिसाच्या वर माणूस आलेला नाही (त्यातले निम्मे माझं भाषण सुरू झालं की उठतात). म्हणून साठ नवे सभासद मिळवले आणि तू दिलेल्या कोडने यादीत एकदम भरले. हाताने दोन दिवस गेले असते. यंत्राला एक शिंक पुरली. मी चहा निववत बघत बसलो. आपण माणसं भरतोय की नुसती अक्षरं, हे त्याला कळत असेल का गं?

मग सुतारकाकांची नोंद राहिली होती. ते गेल्या महिन्यात गेले, त्यांच्यापुढे 'दिवंगत' लिहायचं होतं. तुझ्या कोडमध्ये ओळ होती : सभासद क्रमांक अठ्ठ्याऐंशी (म्हणजे सुतारकाका) असेल, तरच बदल कर. आता वाचनालयात कुणालाही कसलीही अट नको, यासाठी मी चाळीस वर्षं घसा कोरडा केलेला माणूस. तो 'तरच' बघून माझं पित्त खवळलं आणि मी ओळच खोडली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, पोरीने काही विचार करूनच लिहिली असेल ना?" मी त्यांना समतेवर पंधरा मिनिटं ऐकवलं आणि बटण दाबलं.

चारशे बाराच्या चारशे बारा गेले. मी, मामी, बाई, दंतवैद्य, सगळे. शिवाय नोंद बदलली की सभासदाला आपोआप संदेश जातो, ही सोय तुझीच. "आपली सद्यस्थिती : दिवंगत. वाचनालयाचा असाच लाभ घेत राहा." दंतवैद्यांना तो एका रुग्णाची दाढ उपटताना मिळाला. मला कुतूहल एवढंच आहे, की यंत्राने एकदाही "सगळेच?" असं का विचारलं नाही? पोस्टमननेसुद्धा विचारलं असतं.

तुझा
मामा

ता. क. दिवंगतांना सभेत बसता येत नाही, आणि शनिवारी संध्याकाळी सहाला यादी पक्की होते. शुक्रवारी सकाळी येऊन सगळ्यांना जिवंत कर. सुतारकाका सोडून.

ता. क. २ पत्र पाकिटात घालता घालता थांबलो. सकाळपासून दीडशेवर माणसं आपण जिवंत असल्याचं सांगायला आली. नऊ-नऊ वर्षं न फिरकलेलीसुद्धा. रविवारी सभेत मला उभा-आडवा सोलणार म्हणतात. बाई प्रत्येकाला वाचनकक्षात बसवून हातात पुस्तक देताहेत. मामी म्हणते, "आत्ता चूक सुधारलीत तर सगळे घरी झोपतील." तेव्हा शुक्रवारी येऊ नकोस. शनिवारी पावणेसहाला ये.