शेपूट, शेपटी की पुच्छ

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
तुझ्या भाचीचा शि. सा. न. वि. वि.

आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला हवी, पण राहवत नाही म्हणून भांडण आधी सांगते. आमच्या चित्रसंग्रहातली सगळी चित्रं आता संगणकावर चढताहेत. प्रत्येक चित्राला टॅग लावायचे, म्हणजे पुढे कुणी ‘घोडा’ किंवा ‘पूल’ असं शोधलं की नेमकी तीच चित्रं समोर यावीत. इथवर ठीक चाललं होतं. गाडी अडली ती शेपटांवर.

मी ‘शेपूट’ लिहिते, आमच्या संचालकबाई ‘शेपटी’ लिहितात आणि आमचे दाढीवाले, जे स्वतः चित्रकार आहेत, ते ‘पुच्छ’ लिहितात. संगणकाला या तीन वेगळ्याच वस्तू वाटतात. त्यात दाढीवाल्यांनी कुत्र्यांना ‘आनंदी पुच्छ’, ‘लाचार पुच्छ’ असले टॅग लावलेत. हे तुम्हाला कसं कळलं असं विचारलं, तर म्हणाले की चित्र मनाने बघायचं असतं. हल्ली आमचा चहाही वेगवेगळ्या टेबलांवर होतो.

तू जन्मभर जनावरांची डॉक्टर, तेव्हा निकाल तूच दे. घाई अशासाठी की जागा पुरत नाही म्हणून ‘चित्रकार अज्ञात’ गठ्ठ्यातली चित्रं महिनाअखेर निरनिराळ्या कचेऱ्यांना भिंतीवर लावायला वाटून टाकणार आहेत. एकदा पांगली की पुन्हा एकत्र दिसायची नाहीत. निदान त्यांचे टॅग तरी धड व्हावेत.

दवाखाना बंद केल्यापासून तू कुणाशी नीट बोलत नाहीस, असं काका म्हणत होते. माझ्याशी भांडायला तरी लिही. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी
चिमणी


८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

काकांच्या चुगल्या मनावर घेऊ नकोस. गुडघा बरा आहे, स्वभाव होता तसाच आहे.

आता शेपटांचं. ‘शेपूट’ हा एकच शब्द धरा आणि मुंगसापासून सिंहापर्यंत सगळ्यांना तोच लावा. सिंहाला पुच्छ आणि उंदराला शेपटी, हा मानपान जनावरांना ठाऊक नसतो. पुढे दिसतं तेवढंच लिहा: ताठ, खाली सोडलेलं, पायांत घेतलेलं, आखूड, गोंडेदार, वाकडं. शेपूट हलवणारा प्रत्येक कुत्रा खूश नसतो. त्याचा पुरावा माझ्या पोटरीवर आहे. आणि मांजर शेपूट आपटायला लागलं की शहाण्याने हात मागे घ्यावा.

पण दाढीवाल्यांना अगदीच मोडीत काढू नकोस. चित्र म्हणजे काही तपासायला आणलेली म्हैस नव्हे. जे दिसतं ते एका रकान्यात लिहा, जे वाटतं त्याला दुसरा रकाना द्या. एवढ्यावर ऐकले नाहीत तर गाठ माझ्याशी आहे म्हणावं.

कितीतरी दिवसांनी आज माझी जुनी पुस्तकं खाली काढली. तुझे काका दारातून डोकावून गेले. आणखी शेपटं असतील तर पाठव. तब्येत सांभाळ आणि म्हातारीला विसरू नकोस.

तुझी मावशी


१७ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तह झाला. ‘वाटतं’चा रकाना मिळाल्यावर दाढीवाले विरघळले आणि स्वतः चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले. आम्ही दोघांनी मिळून सगळे टॅग नव्याने लावले. काम मारुतीच्या शेपटासारखं लांबत होतं, पण मजा आली.

खरी गोष्ट पुढेच आहे. काल मी नुसतं बघायचं म्हणून ‘कुत्रा’ आणि ‘शेपूट वाकडं’ असं शोधलं. पडदा भरून चित्रं आली. धोबीघाट, बाजार, पुलाखालची सावली, शाळेच्या पायऱ्या. सगळी अज्ञात गठ्ठ्यांतली, आणि प्रत्येकात कोपऱ्यात कुठेतरी एक तांबूस कुत्रा, टोकाशी मोडून वळलेल्या शेपटाचा. आधी कुणी ‘विनोदी’, कुणी ‘मोडके पुच्छ’ लिहिलं होतं, त्यामुळे ती कधी एकमेकांशेजारी आलीच नव्हती. आणि त्यांच्यात एक चित्र वेगळ्या खोलीतलं, सही असलेलं. सही एका चित्रकला शिकवणाऱ्या बाईंची.

संचालकबाई म्हणाल्या की वाकड्या शेपटाचे कुत्रे गल्लोगल्ली असतात, ठोस काही आणा, नाहीतर चित्रं न्यायला ट्रक ठरल्या दिवशी येईल. सगळे फोटो सोबत धाडते आहे. तुझ्या उत्तराची वाट बघत दाराकडे कान लावून बसलेली,

चिमणी


२१ फेब्रुवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

जेवणाच्या टेबलावर फोटो मांडलेत, त्यामुळे आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवतोय.

कुत्रा एकच आहे. शेपटाचा मणका मोडून तसाच जुळला की असं होतं. वाक प्रत्येक चित्रात त्याच जागी आणि डावीकडेच आहे, कुत्रा बसलेला असो की पाठमोरा. धोबीघाटावर तर त्याच्या सावलीतही तो वाक आहे. असं मनाने कुणी काढत नाही, समोर बघूनच काढतात. वर डाव्या कानाला खाच आहे, ती तुम्ही शेपटाच्या नादात पाहिलीच नाहीत.

आणखी ऐक. बाजारातल्या चित्रात तो जेमतेम वर्षाचा आहे, पुलाखाली पोक्त, आणि पायऱ्यांवर तोंड पांढरं झालंय. म्हणजे कुठलं चित्र आधीचं, कुठलं नंतरचं तेही लागतं. मी क्रम लावून मागे आकडे घातलेत. सहीवालं चित्र बरोबर मध्ये बसतं. माझी सही आणि शिक्का मारून वेगळा अभिप्राय जोडला आहे. शिक्का अजून उमटतो. संचालकबाईंना दाखव आणि ट्रक अडव. कळव लगेच, मी इथे घालमेलीत आहे.

तुझी मावशी


१२ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

ट्रक रिकामा परत गेला. संचालकबाईंनी तुझा अभिप्राय वाचला, भिंग घेऊन प्रत्येक कान तपासला आणि म्हणाल्या की यातलं एकही चित्र हलणार नाही. सगळ्यांवर आता त्या चित्रकला शिक्षिकेचं नाव लागलं आहे.

त्यांच्या शाळेतून त्यांच्या मुलीचा पत्ता मिळाला. तुझ्याहून थोड्या मोठ्या असतील. काल आल्या. आम्ही चित्रं तुझ्या क्रमाने भिंतीला टेकवून ठेवली होती. त्या हळूहळू चालत गेल्या. म्हणाल्या की कुत्र्याचं नाव वेलांटी होतं, शेपटामुळे आईनेच ठेवलेलं. मग पायऱ्यांच्या चित्रापाशी थांबल्या. त्यात एक मुलगी पाठमोरी बसली आहे, वेण्या सुटलेल्या, आणि कुत्र्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलंय. आम्ही तिला नुसतं ‘मुलगी, पाठमोरी’ लिहिलं होतं.

त्यांनी वाकून त्या मुलीच्या वेण्या जवळून पाहिल्या. मग म्हणाल्या की आईने धोबी काढला, भाजीवाली काढली, मला कधी काढलं नाही, असं मी जन्मभर धरून बसले होते. पण वेलांटी माझ्याशिवाय कुणाच्या मांडीवर डोकं ठेवत नसे. दाढीवाल्यांनी खुर्ची आणून दिली. त्या चित्रासमोर बसून राहिल्या, आणि बंद करायची वेळ टळून गेली तरी आमच्यापैकी कुणी किल्ल्या वाजवल्या नाहीत.

निघताना त्यांनी विचारलं की क्रम लावणाऱ्या डॉक्टरीणबाई कधी भेटतील. मी रविवार सांगून टाकला आहे. काकांनाही आण. वाट बघते, लोभ आहेच तो सोबत घेऊन ये.

तुझी
चिमणी