वर्तणुकीचा रकाना

सर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्या वतीने भांडते. परवा मालवणात निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात एक वक्ते ठणकावून म्हणाले, इस्लामातले नबी काय नि रसूल काय, एकच. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "माहीत नसेल तर चहा घ्या, बोलायचंच कशाला?" खरं तर मीही तशीच होते. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी सगळ्यांना मिळून एकच शब्द शिकवला होता, प्रॉफेट.

तुम्ही इतिहास शिकवायचात, मी इंग्रजी. दाखल्यांचं काम नवीनच माझ्याकडे आलेलं. देवबागच्या एका मुलीने सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका माझ्या टेबलातून चोरली होती. तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे: दहावी होऊन ती आता शाळा सोडते आहे, तिचा दाखला माझ्यापुढे आहे. 'वर्तणूक' या रकान्यात सगळे डोळे मिटून 'चांगली' लिहितात. मी 'वाईट' लिहिणार आहे. तिला नर्सिंगला जायचंय आणि या शब्दाने तिला कुणी घेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही दाखल्यावर हात ठेवता.

"बाय, समजावलंस तिका?"

"दोनदा."

"मगे तुझा काम थंयच संपला."

मग समोर खुर्ची ओढून तुम्ही सांगत बसलात. नबी देवाचा संदेश सांगतो, लोकांना सावध करतो. रसूलही नबीच, पण सत्य पुरतं उघड झाल्यावरही जे नाकारतात, त्यांचा निवाडा देव त्या रसूलाच्या हयातीत, याच जगात करतो. जुने विद्वान रसूल नवा ग्रंथ, नवा कायदा आणतो असा फरक सांगत. तुम्ही वाचायचात त्या उर्दू मासिकातले नवे लेखक या निवाड्यावर बोट ठेवत. निवाड्याचा तो अधिकार शेवटच्या प्रेषिताबरोबर संपला. आता माणसांच्या हाती उरलं ते फक्त सांगणं.

"आमचे मौलवीच ह्या विसरतत, कोणाकय काफर ठरवतत. तू तर इंग्रजीची बाई."

"म्हणजे चोरी माफ?"

"चोरीक चोरी म्हण, तिच्या तोंडार म्हण. तिचो निवाडो करू नको."

मी 'चांगली' लिहिलं, दात-ओठ खाऊन. पुढे निवृत्तीपर्यंत त्या रकान्यात दुसरं काही लिहिलं नाही. तोंडावर बोलणं मात्र सोडलं नाही, तेवढी मुभा तुम्हीच दिली होतीत. त्या मुलीने पुढे कितीजणांची बाळंतपणं केली, हे अख्ख्या देवबागला ठाऊक आहे.

हे पत्र तुमच्या घरी नेऊन वाचावं असं मनात होतं. पण एक गोष्ट तुमच्या मुलांपुढे माझ्याने वाचवणार नाही. त्या दिवशी मला तुमचं काहीच पटलं नव्हतं. दुसरा कोरा दाखला मी वहीखाली ठेवला होता, तुम्ही गेलात की हवं ते लिहायला. ती मुलगी येऊन आपला दाखला घेऊन जाईपर्यंत तुम्ही खुर्चीवरून उठलाच नाहीत.